भट्टीचा बळी

दुर्ग आणि रायपूर ह्या दोन शहरांच्या मध्ये, मुंबई-हावडा लोहमार्गाच्या कडेला, भिलाई नावाचे एक खेडे होते. भोवती धानाची सपाट शेते, तळी, आणि तळ्यांच्या काठाने वसलेली मातीच्या भिंतींची गावे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएट संघ ह्यांच्यात करार झाला आणि दहा लक्ष टन क्षमतेचा पोलादाचा कारखाना ह्या परिसरात उभारण्याचे ठरले. शेतांतून मोजणीच्या साखळ्या फिरल्या, गावे संपादनात गेली, दूरदेशीचे गोरे तंत्रज्ञ आले आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. पाच वर्षांपूर्वी, १९५४ साली, नांगल येथे बोलताना पंडित नेहरूंनी अशा प्रचंड प्रकल्पांना देवस्थानाची उपमा दिली होती. ती उपमा त्यांनी गौरवाने योजिली होती. भिलाईच्या आसपासच्या खेडुतांनी मात्र ती, नेहरूंचे भाषण न ऐकताच, अक्षरशः खरी मानली. देवस्थान आहे, तर त्यात देवता आहे. आणि एवढी मोठी देवता आहे, तर तिचा आहारही तेवढाच मोठा असणार!

कारखान्याच्या पायात माणसे पुरली जाणार आहेत, भट्टी पेटण्यापूर्वी तिला नरबळी लागणार आहे, त्यासाठी माणसे धरून नेतात, अशी आवई त्या काळी गावोगाव उठली होती. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी ह्यांनी पुढे अनेक वर्षे भिलाईत राहून तेथील कामगारांच्या आणि खेडुतांच्या जीवनाचा अभ्यास केला. वृद्धांच्या तोंडून त्यांनी ह्या आठवणी टिपून ठेवल्या आहेत. ज्यांची जमीन गेली होती, ज्यांना कारखान्यात रोजगार मिळू शकत होता, असे कितीतरी शेतकरी भीतीने त्या बाजूला फिरकत नसत. मजूर आले ते बहुतांशी परप्रांतांतून. स्थानिक छत्तीसगढी माणूस मागे राहिला, त्याला आळशी ठरवून अधिकारी मोकळे झाले. तो भ्यालेला आहे, आणि त्याच्या भीतीला काही शतकांची वंशावळ आहे, ही गोष्ट फाइलीत नोंदवण्याजोगी कोणाला वाटली नसावी.

ही वंशावळ पाहू लागले म्हणजे प्रथम भेटते ती एक साधी खिळ्याची गोष्ट. छत्तीसगढात हरेली नावाचा सण असतो. तिथल्या पंचांगाप्रमाणे ती श्रावणातील अमावास्या. आपल्या पंचांगाप्रमाणे आषाढातली, म्हणजे दिव्यांची अवस. त्या दिवशी नांगर-कुदळी धुऊन त्यांची पूजा करतात, पोरे बांबूच्या गेडीवर चढून चिखलातून हिंडतात, दारांवर कडुनिंबाचे डहाळे खोवतात. आणि गावचा लोहार घरोघर जाऊन दाराच्या चौकटीत एक लोखंडी खिळा ठोकतो. कशासाठी? तर त्या रात्री टोनही, म्हणजे चेटकीण, आपली विद्या जागवण्यासाठी बाहेर पडते असा समज आहे. तिला लोखंड ओलांडवत नाही. लोहाराला त्याबद्दल तांदूळ मिळतात. ज्या मुलखात वाईट शक्तींपासून राखण करण्यासाठी एक खिळा पुरतो, तेथे खिळ्यांचे डोंगर पाडणारा कारखाना उभा राहिला आणि तोच वाईट शक्तीचे ठाणे ठरला. हा विरोधाभास वरवरचा आहे. लोखंड राखण करते. पण लोखंड जन्मते ती जागा, म्हणजे भट्टी, ही ह्या प्रदेशात नेहमीच भयंकर मानली गेली आहे.

मंडला, बिलासपूर ह्या भागांत अगरिया नावाची एक जमात आहे. मातीच्या लहानशा भट्ट्यांत कोळशाच्या आचेवर खनिज वितळवून लोखंड काढणे हा तिचा परंपरागत धंदा. व्हेरिअर एल्विन ह्यांनी १९४२ साली ह्या जमातीवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. अगरियांची दैवते तिथे भेटतात: लोहासूर, कोळशाचा कोयलासूर आणि अग्नीचा आग्यासूर. तिघेही असुर. म्हणजे ज्यांची पूजा करावयाची तेच नावाने दैत्य! लोहासुराचा वास भट्टीत असतो. त्याला कोंबडीचा बळी मिळाला नाही तर लोखंड नीट उतरत नाही, माणूस आजारी पडतो. अगरियांचा एक प्राचीन राजा होता लोगुंडी, त्याची राजधानी लोहरीपूर. सूर्याशी वैर आले आणि ते वैभव लयाला गेले, अशी त्यांची कथा. वास्तवात त्यांचे वैभव, जे काही होते ते, भट्ट्यांवरील करांनी, राखीव जंगलांच्या नियमांनी आणि विलायती लोखंडाच्या स्वस्ताईने लयाला नेले. एल्विन ह्यांनी हेही स्पष्टपणे लिहिले आहे. पण कर आणि नियम ह्यांची पुराणे होत नाहीत. सूर्याची होते.

ह्याहून विलक्षण कथा पूर्वेकडे छोटा नागपूरच्या मुंडा लोकांत सांगतात. शरच्चंद्र रॉय ह्यांच्या मुंडांवरील १९१२ सालच्या ग्रंथामुळे ती अभ्यासकांना परिचित झाली. असुर नावाचे लोक रात्रंदिवस लोखंड गाळीत. त्यांच्या भट्ट्यांच्या धुराने आणि उष्णतेने सृष्टी होरपळू लागली. सिंगबोंगा, म्हणजे सूर्यदेव, ह्याने पक्ष्यांकरवी निरोप धाडले की दिवसा गाळा, नाहीतर रात्री गाळा, दोन्ही वेळा नको. असुरांनी ते निरोप्ये हाकलून लावले. आपल्यापेक्षा मोठा देव कोणी नाही, अशी त्यांची घमेंड. मग सिंगबोंगा खरजेने अंग भरलेल्या एका पोराचे रूप घेऊन त्यांच्या वस्तीत चाकरीला राहिला. असुरांच्या भट्ट्या ढासळू लागल्या. उपाय कोण सांगणार? त्या पोराने सांगितला: नरबळी द्या. बळीला माणूस मिळेना, तेव्हा तो म्हणाला, मीच जातो. त्याला भट्टीत बसवले, दार लिंपले, भाते चालवले. तीन दिवसांनी भट्टी उघडली तो पोर सोन्याने झळकत बाहेर आले. आत आणखी पुष्कळ आहे, असे त्याने सांगताच सारे असुर पुरुष लोभाने आत शिरले. बाहेर त्यांच्या बायका भाते मारीत राहिल्या. आतून आरोळ्या आल्या तेव्हा पोर म्हणाले, सोन्याच्या वाटणीवरून भांडताहेत, तुम्ही भाते थांबवू नका. दार उघडले तेव्हा राख आणि हाडे उरली होती. रडत ओरडत बायकांनी आकाशात निघालेल्या देवाला धरले. त्याने त्यांना झिडकारले. त्या जेथे जेथे पडल्या तेथे तेथे डोंगरांची, झऱ्यांची, रानांची पिशाच्चे झाल्या. मुंडांची भुते ही अशी लोहारांच्या विधवा आहेत.

कथेत विद्येने मातलेले पुरुष आपल्याच भट्टीत जळतात हे न्यायाला धरून झाले असे सांगणारा मानतो. पण भाते मारणाऱ्या बायकांचा अपराध कोणता? कथा तो सांगत नाही. वाईट शक्ती म्हणून पुढची सारी शतके त्यांनाच भोगावी लागतात. चेटकिणीची कल्पना कोठून जन्म घेते हे विचारणाऱ्याने ह्या प्रसंगापाशी क्षणभर थांबावे.

पायात माणूस पुरण्याची समजूत मात्र आदिवासींचीच आहे असे कोणी समजू नये. महाराष्ट्रात पुरंदर किल्ल्याच्या शेंदऱ्या बुरुजाची दंतकथा प्रसिद्ध आहे. बहामनी अमलात बुरूज बांधावयास घेतला, तो पुनःपुन्हा ढासळे. दृष्टान्त झाला की ज्येष्ठ पुत्र आणि त्याची पत्नी ह्यांना पायात पुरल्यावाचून बुरूज उभा राहणार नाही. मग बहिरनाक नावाच्या महाराचा मुलगा नाथनाक आणि सून देवकाई ह्यांना जिवंत पुरण्यात आले आणि बुरूज उभा राहिला. दृष्टान्तात केवळ ज्येष्ठ पुत्र मागितला होता. तो कोणत्या जातीचा असावा हे दृष्टान्ताने सांगितले नव्हते. ते माणसांनी ठरवले. दंतकथेतील इतिहास किती आणि कल्पना किती हा वाद बाजूला ठेवला तरी एवढी गोष्ट खरी उरते की कथा सांगणाऱ्या समाजाला, पायात कोणाला पुरावयाचे ह्याविषयी, कधी संदेह पडला नाही. आजही घराच्या वास्तुशांतीत आग्नेय कोपऱ्यात वास्तुप्रतिमा पुरतात, कोहळा कापतात. जुन्या मागणीची ही सौम्य झालेली परतफेड आहे, असे पुष्कळ विद्वान मानतात. इंग्रजी अमलात पूल बांधू लागले तेव्हा हीच भीती नव्या रूपाने वर आली. खांबांसाठी साहेबाला मुंडकी हवी आहेत, पोरे पळवतात, अशा अफवांच्या नोंदी एकोणिसाव्या शतकातील लोकसाहित्याच्या संग्राहकांनी उत्तर हिंदुस्थानात ठिकठिकाणी केल्या आहेत.

राज्यकर्त्यांकडे पाहिले तर तेथेही गंमत अशी की बळी नेहमी दुसऱ्याच्या देवळात दिसतो. १७४१ साली भास्करपंतांच्या स्वारीने रतनपूरचे राज्य नागपूरकर भोसल्यांच्या कक्षेत आले. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरात राहून छत्तीसगढचा कारभार पाहू लागले. दक्षिणेकडील बस्तरचे संस्थानही नागपूरचे मांडलिक झाले. पुढे एकोणिसाव्या शतकात ओरिसाच्या खोंड लोकांत भूदेवतेला ‘मेरिया’ नावाचा नरबळी देतात ह्याचा इंग्रजांनी मोठा गवगवा केला, १८४५ साली त्यासाठी स्वतंत्र कायदा करून मेरिया एजन्सी नेमली. त्याच सुमारास बस्तरमध्ये दंतेवाड्याच्या दंतेश्वरीपुढे माणसे कापतात असा बोभाटा झाला. तिसऱ्या रघूजींच्या नागपूर दरबाराने, रेसिडेंटाच्या तगाद्यावरून, देवळावर पहारा बसवला. शिपाई आले, देवळाच्या दाराशी उभे राहिले. परकी पहाऱ्याने भोवतालची वनवासी प्रजा चिडली, बंडाळी झाली. पण दंतेश्वरीच्या नरबळीचा खात्रीचा साक्षीदार कोणी पुढे आला नाही. अलीकडील इतिहासकारांना ह्या आरोपांतील पुष्कळसा भाग ऐकीव वाटतो. रानातील लोकांना राक्षस ठरवले म्हणजे त्यांच्या रानात शिरणे हे पुण्यकर्म होते, एवढा व्यवहार त्यामागे होता. खोंडांचा मेरिया सर्वस्वी काल्पनिक होता असे मात्र म्हणता येणार नाही, पुरावे आहेत. तरी नरबळी थांबवावयास आलेल्या फौजेने जी गावे जाळली त्यांची गणना कोणी बळींत करीत नाही.

म्हणून १९५५ नंतर भिलाईच्या खेडुतांनी जी आवई उठवली ती केवळ अडाणीपणाची म्हणून सोडून देता येत नाही. शंभर वर्षे सरकार त्यांच्या देवळांत बळी शोधीत आले होते. आता त्यांनी सरकारच्या देवळात तो शोधला, इतकेच. शिवाय त्यांच्या डोळ्यांसमोर घडत होते तेही बळीच्या भाषेतच सांगता येण्यासारखे होते. पिढ्यान्‌पिढ्यांची शेते नाहीशी झाली, गावदेवतांची ठाणी कुंपणाच्या आत गेली, बांधकामावर माणसे पडली, मेली. कोणत्या तरी अदृश्य सत्तेला आपले काही तरी द्यावे लागते आहे ही जाणीव खरी होती. तिला आकार देण्यासाठी त्यांच्यापाशी जी कथा होती ती त्यांनी वापरली.

पुढे ती आवई विरली. तिला कोणी व्याख्याने देऊन घालवले नाही. कारखान्यात कायम नोकरी लागलेल्या पहिल्या काही जणांच्या घरी पगार येऊ लागला, वसाहतीत दवाखाना आणि शाळा आल्या, आणि एका पिढीच्या आत, ज्या दारासमोरून बाप पळाला होता त्याच दारासमोर मुलगा अर्ज हातात घेऊन उभा राहिला. दरवर्षी १७ सप्टेंबरला कारखान्यात विश्वकर्मापूजा होऊ लागली. भट्टीची देवता घरची झाली. तिने माणसे घेतली नाहीत असे नाही. जून २०१४ मध्ये भट्टीच्या विषारी वायूने सहा जणांचा बळी घेतला; ऑक्टोबर २०१८ मध्ये गॅसच्या नळीपाशी भडकलेल्या आगीत दहाहून अधिक कामगार गेले. पण तेव्हा गावांत बळीची भाषा कोणी बोलले नाही. चौकशी समिती, निलंबन, नुकसानभरपाई असे शब्द आले. शब्द बदलतात तेव्हा भीतीही बदलते; ती निवतेच असे नाही.

दुसरी भीती मात्र तेवढ्या सहजासहजी विरली नाही. ती टोनहीची. भट्टीविषयीची भीती प्रबळाकडे बोट दाखवीत होती, म्हणून तिने कोणाचे फारसे बिघडले नाही. कारखाना अफवेने मोडत नाही. टोनहीची भीती गावातल्या सर्वांत दुबळ्या माणसाकडे बोट दाखवते. ती बहुधा बाई असते, पुष्कळदा विधवा, एकाकी, थोडीशी जमीन नावावर असलेली. गावात दोन प्रकारचे मंत्र मानले जातात. बैगा झाडफूक करतो, गावाची राखण करतो. त्याला मान आहे, दक्षिणा आहे. टोनहीपाशी अडीच अक्षरांचा मंत्र असतो आणि त्याने ती पोरांचे रक्त शोषते, असे म्हणतात. विद्या एकच, असे लोक मानतात. फरक फक्त ती कोणाच्या हाती आहे ह्याचा. आणि हाती कोणाच्या आहे हे सांगणारा कोण? तोच बैगा! फिर्यादी, पंच आणि वैद्य ही तिन्ही आसने एकाच माणसाला दिल्यावर आरोपीची काय गत होणार?

टोनही ठरवलेल्या बायकांना मारहाण करणे, विवस्त्र करून धिंड काढणे, गावाबाहेर घालवणे, प्रसंगी ठार करणे, असे प्रकार एकविसाव्या शतकातही घडत राहिले. रायपूरचे नेत्रवैद्य डॉ. दिनेश मिश्र ह्यांनी १९९० नंतरच्या दशकापासून खेडोपाडी जाऊन, कोणतीही स्त्री टोनही नसते, हे सांगण्याचे व्रत घेतले. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर जे कार्य करीत होते त्याचेच हे भावंड. २००५ साली छत्तीसगढ विधिमंडळाने टोनही प्रताडना निवारण अधिनियम संमत केला. एखाद्या व्यक्तीला टोनही म्हणून दाखवून देणे हाच ह्या कायद्याने अपराध ठरला, त्याला तीन वर्षांपर्यंत सक्तमजुरी; छळ केल्यास पाच वर्षांपर्यंत; आणि टोनही उतरवण्याच्या नावाखाली झाडफूक करणाऱ्यासही शिक्षा. बोट दाखवणारा हात पकडावा, दाखवलेली बाई नव्हे, एवढी सरळ गोष्ट राजदंडाला उमगण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा त्यानंतर आठ वर्षांनी झाला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाल्यावर काही दिवसांतच आधी वटहुकूम निघाला.

आणि मग भिलाईत खरोखरच नरबळी झाला.

तो पायात नव्हता, भट्टीतही नव्हता. पोलाद कारखान्याच्या वसाहतीला लागून रुआबांधा नावाची वस्ती आहे. तेथील एका घरात तंत्रसाधना करणारे एक दांपत्य राहत असे. त्यांच्याभोवती शिष्यांचा मेळा होता. त्यांना सिद्धी आहे अशी ख्याती होती. २३ नोव्हेंबर २०१० रोजी शेजारचे दोन वर्षांचे एक मूल नाहीसे झाले. आईबाप आणि शेजारी शोधीत शोधीत त्या घरापाशी आले. आत वाद्यसंगीत मोठ्याने चालू होते. शेजाऱ्यांना संशय आला, ते आत शिरले, आणि त्यांना जमिनीवर रक्त दिसले. देवीला प्रसन्न करून सिद्धी मिळवण्यासाठी त्या मुलाचा शिरच्छेद करण्यात आला होता. त्याआधी त्याच वर्षी नाहीशी झालेल्या एका लहान मुलीचाही बळी ह्याच मंडळींनी दिल्याचे तपासात उघड झाले.

हे घडले ते एखाद्या दुर्गम डोंगरात नव्हे. वस्तीवर कारखान्याचे दिवे दिसत होते; शाळा होत्या, दवाखाना होता, पोलिसांची चौकी होती. ह्या घरातील साधकांना कोणी टोनही म्हटले नव्हते. त्यांच्या दारावर खिळा ठोकावा असे कोणास वाटले नाही; उलट त्या दारात लोक चपला काढून आत जात, अडचणी सांगत, आशीर्वाद घेऊन येत. छत्तीसगढच्या गावोगाव निरपराध बायकांच्या घरांवर जी करडी नजर रोखलेली असते ती येथे नव्हती, कारण येथे विद्या ‘गुरू’च्या हाती होती.

दुर्गच्या न्यायालयाने आरोपींना शिक्षा फर्मावल्या. शिष्यांनाही त्या झाल्या. प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले. ऑक्टोबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या दांपत्याची फाशीची शिक्षा कायम केली. निकालपत्रात न्यायमूर्तींनी एका साध्या वस्तुस्थितीची नोंद केली आहे: अपराध घडला त्या वेळी आरोपी पतिपत्नींना स्वतःची तीन लहान मुले होती.